तुझी लाह बाकी आहे

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आईने दोन घागरी भरल्या. एक नेहमीची, वडिलांच्या आणि त्यांच्या मागच्या सगळ्यांच्या नावाची. दुसरी तिने आदल्या दिवशी कुंभाराकडे स्वतः जाऊन, वाजवून घेतली होती. पाणी भरलं, वर डांगर (खरबूज) ठेवलं आणि बायकोला हाक मारून म्हणाली, "ही याहीना नावनी शे. तू हात लाव."

याही म्हणजे व्याही. माझे सासरे. व्याह्याच्या नावाची घागर भरायची आमच्याकडे रीत नाही. आईने ती कुणाला न विचारता भरली. बायको बराच वेळ घागरीवर हात ठेवून बसली आणि उठताना एवढंच म्हणाली, "आता घरी जायला पाहिजे."

आखाजीला खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. माझी बायको चार आखाज्या अमळनेरला सासरीच होती. तिचं माहेर धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर, सातपुड्याच्या पोटात. तिथे जायचा रस्ता चांदसैली घाटातून जातो. चार वर्षांपूर्वी भादव्यात त्याच घाटात तिचे वडील गेले, आणि तेव्हापासून त्या रस्त्याचं नाव तिच्यासमोर कुणी काढत नव्हतं.

मेहुण्याचा फोन आधीच येऊन गेला होता. मागच्या पावसाळ्यात घराची डोंगराकडची भिंत बसली होती. पाऊस लागण्याआधी घर उतरवून पुन्हा उभं करायचं होतं. "रविवारी लाह आहे," तो म्हणाला. "या, असं नाही म्हणत. आहे, एवढं सांगतो."

लाह हा शब्द मला माझ्या लग्नात कळला. आधी ते सांगतो.

मी अमळनेरचा, घरात अहिराणी बोलणारा, पेशाने शिक्षक. ती पावरा समाजातली, सरकारी आश्रमशाळेत शिकून धुळ्याला नर्सिंगला आलेली. लग्न ठरवायला आम्ही तिच्या पाड्यावर गेलो तेव्हा मोहाच्या झाडाखाली खाटा टाकलेल्या होत्या. गावचा पाटील, पुजारा, चार म्हातारे असे पंच बसले होते. बोलणी सुरू झाली ती देजाची. तिथे मुलीचा बाप हुंडा देत नाही. मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "पोर काय इकत लेवानी शे?" तिचा आवाज दुखावलेला होता. मलाही ते ऐकून बरं वाटलं नव्हतं.

पण त्याच खाटेवर बसून मला आठवत होतं की माझ्या बहिणीच्या लग्नात वडिलांनी कपाशीचं दोन एकर रान विकलं होतं. ते आम्हाला कधी विकणं वाटलं नाही. आम्ही त्याला रीत म्हणत होतो. हुंड्यात मुलगी ओझं ठरते आणि ते उतरवायला बाप पैसे मोजतो. देजात निदान एवढं तरी कबूल केलेलं असतं की हिच्या जाण्याने एका घराचे दोन हात कमी झाले. आता देजाचे आकडेही वाढत चालले आहेत, देजापायी तरुण पोरं कर्ज काढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे त्याची भलावण करत नाही. मात्र त्या दिवशी आमच्या दोन रीतींपैकी लाज कोणत्या रीतीची वाटायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका राहिली नाही.

रक्कम फार नव्हती. मी बँकेतून काढलेल्या नोटा पुढे केल्या. सासऱ्यांनी त्या मोजल्या, पाटलाच्या हातात दिल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "पैसा झाला, मास्तर. तुझी लाह बाकी आहे."

नंतर बायकोने समजावून सांगितलं. नांगरट, निंदणी, कापणी, घर बांधणं अशी जी कामं एका घराने उरकत नाहीत, त्यांना पाडा एकत्र येतो. घरटी एक माणूस. मजुरी नाही. ज्याचं काम त्याने सगळ्यांना जेवायला घालायचं, आणि उद्या दुसऱ्याची लाह लागली की आपण जायचं. ज्याच्याकडे मजुरीला पैसा नाही, पण शेत आहे आणि पाऊस थांबणार नाही, त्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या चालवलेली ही सोय आहे. पूर्वी एखाद्याला देज द्यायला जमलं नाही तर तो घरजावई राहून काही वर्षं सासऱ्याच्या रानात राबायचा. म्हणजे पैशाने तुटलेलं श्रमाने भरून निघत असे. माझं उलटं झालं होतं. मी पैसा देऊन मोकळा झालो होतो आणि श्रमाचं खातं तसंच उघडं होतं.

सासरे ते विसरले नाहीत. दर भेटीत जेवताना एकदा तरी म्हणायचे, "मास्तर, बाकी आहे हं." मी हो म्हणायचो. मग दुसऱ्या दिवशीची एसटी असायची.

शनिवारी पहाटे अमळनेरहून सुरत लाइनच्या गाडीने नंदुरबार, तिथून एसटीने प्रकाशा, तळोदा. प्रकाशाच्या पुलावर तापी आटलेली होती आणि गोमाईच्या संगमाजवळ घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. तिथून पुढे उत्तरेला सातपुडा दिसायला लागतो. मे महिन्यात तो निळा दिसत नाही. सागाची पानं गळालेली, डोंगर नुसता करडा, हाडं निघालेल्या बैलासारखा.

तळोद्याजवळ उतरलो, कारण बायकोची फुई, म्हणजे आत्या, तिथल्या एका पुनर्वसन वसाहतीत राहते. फुईचं लग्न नर्मदाकाठच्या गावात झालं होतं. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली जी ३३ गावं आली, त्यातलं ते एक. १९७९च्या नर्मदा लवादाच्या निवाड्याने ज्या खातेदाराची २५ टक्क्यांहून जास्त जमीन जाईल त्याला किमान दोन हेक्टर जमीन द्यायची ठरलं होतं, आणि ती मिळवण्यासाठी या लोकांनी उभा जन्म मोर्च्यांत घालवला. फुईला जमीन मिळाली. काळी, सपाट, पाणी देता येणारी. ती जमिनीला नाव ठेवत नाही. तिचं म्हणणं वेगळं आहे.

"इथे निंदायला माणूस बोलावला की तो आधी मजुरी विचारतो," ती म्हणाली. "त्याचं चूक नाही. तो दहा गावांतून येऊन इथे बसलेला, मी दुसऱ्या दहा गावांतली. त्याची लाह मी कुठे फेडणार, माझी तो कुठे?"

पुनर्वसनावरचे अहवाल मी थोडेफार वाचलेले आहेत. किती कुटुंबं, किती हेक्टर, किती भूखंड, सगळं त्यात असतं. फुईने सांगितलेल्या या गोष्टीला त्यांत रकाना नाही. धरणाचे दरवाजे २०१७च्या जूनमध्ये बंद झाले, २०१९ला ते पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं. त्या पाण्याखाली घरं, शेतं, देवाची झाडं गेली. कोण कुणाच्या शेतात कधी राबलं याचा हिशेबही गेला. तो कागदावर नव्हताच, शेजारात होता. शेजार विस्कटला आणि तो हिशेब कायमचा थांबला.

निघताना फुईने नातवाला पुढे केलं. सतरा वर्षांचा, वसाहतीतच जन्मलेला, डोंगर त्याने बसच्या खिडकीतूनच पाहिलेला. "माझ्या भावाचं घर उभं राहतंय," ती म्हणाली. "आमच्या घरचा हा एक धरा."

कोठारच्या पुढे घाट सुरू झाला आणि बायकोने माझा हात धरला.

त्या भादव्यात सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं ते रात्री. पाड्यापासून डांबरी रस्ता दोन तासांच्या चालीवर. पोरांनी बांबूला चादर बांधून झोळी केली आणि चार-चार जण खांदे बदलत त्यांना खाली घेऊन आले. रस्त्यावर गाडी मिळाली. घाटात दरड कोसळलेली होती. गाडी थांबली. इकडे धुळ्यात बायको ड्यूटीवरून फोनवर भावाला सांगत होती, असं झोपवा, मान अशी ठेवा, नाडी बघ. मग रेंज गेली. पुन्हा रेंज आली तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती रोज इतक्या लोकांच्या उशाशी उभी राहते, आणि वडिलांच्या वेळी तिच्या हातात बंद पडलेला फोन होता.

झोळीला हल्ली बांबुलन्स म्हणतात. तो शब्द वाचला की माझं डोकं भडकतं. त्याच्यात काहीतरी गमतीदार शोध लावल्यासारखा सूर आहे. ज्या खांद्यांनी सासऱ्यांना वाहून आणलं ते खांदे लाहीला येणाऱ्यांचेच होते, आणि त्यांचं मोल माझ्या आयुष्यात फिटणार नाही. म्हणून तर म्हणतो, त्या खांद्यांवर रस्त्याचं काम सोपवू नये. माणसं एकमेकांना धरून आहेत म्हणून दवाखाना दूर असला तरी चालतं, असं कुणी मनात आणत असेल तर ते पाप आहे.

दरड पडली होती ती जागा आली. आता तिथे कठडा आहे. बायकोने पिशवीतून आईने दिलेली घागर काढली. होय, आखाजीची ती घागर आम्ही रिकामी करून, कापडात गुंडाळून सोबत आणली होती. बाटलीतलं पाणी तिने तिच्यात ओतलं, तोंडाशी काहीतरी पुटपुटली आणि खिडकीतून कठड्याच्या पलीकडे पाणी सोडलं. मागच्या सीटवरच्या बाईने काही न विचारता हात जोडले.

घाटमाथा ओलांडला की उतार उलट्या दिशेला लागतो. सासरे पहिल्यांदा मला इथे घेऊन उभे राहिले होते. "तुमचं पाणी तिकडे तापीला. आमचं इकडे उदईला, उदईतून नर्मदेला," ते म्हणाले होते. माझ्या डोक्यात खानदेश म्हणजे तापीचं खोरं. कपाशी, केळी, मिरची, भरीत, कळण्याची भाकरी. पण १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याचा हा वरचा कोपरा तापीकडे पाठ करून बसला आहे. आणि मी तर इथे त्यांची ओळख होण्याआधीही येऊन गेलो होतो. कॉलेजात असताना दिवाळीला मित्रांबरोबर तळोद्याहून अस्तंब्याची यात्रा केली होती. १३२५ मीटरचं ते शिखर, अश्वत्थाम्याचं ठाणं. जखमेवर घालायला तेल मागत तो अजून या डोंगरात फिरतो म्हणतात. रात्रभर आम्ही जयजयकार करत चाललो. वाटेत घरं होती, चुली होत्या, कुणीतरी पाणीही पाजलं होतं. मी एकाही घरात बसलो नाही, एकाही माणसाचं नाव विचारलं नाही. चिरंजीव शोधायला गेलेला माणूस जिवंत माणसांसमोरून निघून गेला, याचं मला आज वाईट वाटतं.

पाड्यावर पोचेस्तोवर संध्याकाळ झाली. घरं एकमेकांपासून लांब, ज्याचं त्याच्या शेतात. मधे मोह, आंबे, चारोळीची झाडं. मोहाची फुलं वेचून संपली होती आणि तांबूस पालवी फुटली होती. जिथे सपाट खडक, जिथे अंगण, तिथे आमचूर वाळत होता. गावठी कैऱ्या सोलून, फोडी करून बायका पंधरा-पंधरा दिवस हेच करत असतात. बोटं आंबटाने फुटतात. पांढरीशुभ्र फोड मोलगीच्या आणि धडगावच्या बाजारात जाते, आणि सोलणारीच्या हाताला त्यातलं किती लागतं हे विचारवत नाही.

सासूबाई दारात नव्हत्या, कारण दारच नव्हतं. घर उतरवलेलं. कौलं एका बाजूला रचलेली, बांबूचे कूड सोडवून ठेवलेले, आणि सागाचे खांब तेवढे उभे. मधल्या खांबावर खुंटीला सासऱ्यांचा ढोल लटकलेला. घर उतरवताना सगळं हलवलं, ढोल कुणी हलवला नव्हता. बायको त्या खांबाला कपाळ टेकवून उभी राहिली. सासूबाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. दोघी काही बोलल्या नाहीत. त्या उघड्या घरात, आभाळाखाली, आम्ही सगळे रात्री ओळीने झोपलो.

रविवारी दिवस उगवायच्या आधी माणसं यायला लागली. कुणी कुऱ्हाड, कुणी विळा, कुणी नुसते हात घेऊन. मी मोजली, सव्वीस घरांतून सव्वीस. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली पोरं परतलेली होती, त्यांनाही कुणी बोलावलं नव्हतं, कळवलं होतं. हुकूम कुणाचा नव्हता. आढं चढवायची वेळ झाली की आठ जण आपसूक तिथे असत, कौलं वर द्यायची झाली की ओळ लागे. एका म्हाताऱ्याने फुईच्या नातवाला शिडीवर बसवलं आणि कौल कसं धरायचं ते हातात हात घेऊन दाखवलं. दुपारपर्यंत तो पोरगा छपरावर होता.

मला गारा तुडवायला दिला. लाल माती, शेण, भुसा, पाणी. शेजारच्या एका बाईने मी दोन मिनिटं नाचवलेले पाय पाहिले आणि जवळ येऊन म्हणाली, असं नाही, टाच रोवून फिरव. टाचेखाली ढेकूळ फुटलं की कळतं. मग तासाभरात माती बदलते. आधी ती पायाला चिकटते, मग सोडायला लागते. सोडायला लागली की ती कुडाला लागायला तयार झाली. ही गोष्ट मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळली आणि फार आनंद झाला. बायको कुडाला लिंपत होती, तळहाताने खालून वर, एका दमात. धुळ्यात सलाइन लावतानाचे तिचे हात मी पाहिले आहेत. इथे तेच हात कोपरापर्यंत मातीत होते, आणि चार वर्षांत पहिल्यांदा ती काम करता करता गात होती. गाणं पावरीत होतं. मला निम्मं कळलं.

दुपारी जेवण. मोठ्या पातेल्यात उडदाची डाळ, मक्याच्या भाकरी, भात. माणसं सावलीत ओळीने बसली. मी वाढायला उठलो तर पाटलाने खाली बसवलं. "लाहीला आलेला वाढत नाही," तो म्हणाला. "आज तू पाहुणा नाहीस." जावयाला इथे मान असतो, आधी खाट, आधी पाणी, आधी ताट. इतकी वर्षं तो मान घेतला. त्या दिवशी सव्वीस माणसांच्या ओळीत चिखलाच्या पायांनी बसून जेवलो, आणि त्या वाक्याइतका मोठा मान मला या डोंगरात आधी मिळाला नव्हता.

दिवस मावळताना कौलं पूर्ण झाली. भिंती ओल्या होत्या, त्यांचा थंड वास सगळीकडे होता. मेहुण्याने खुंटीवरचा ढोल उतरवला. आधी हळू, मग जोरात. म्हाताऱ्यांनी सासऱ्यांच्या नावाने मोहाचे चार थेंब जमिनीवर टाकले. राणी काजल देवीचं नाव घेतलं. पलीकडे डोंगरउतारावर त्यांच्या नावाचा दगड आहे. मी तिथे एकटाच गेलो. काय बोलायचं ते घाटापासून मनात घोळत होतं. तिथे गेल्यावर नुसते हात दाखवले. दोन्ही तळहातांवर फोड आले होते, कारण संध्याकाळी बांबू फोडायलाही बसलो होतो.

निघताना सासूबाईंनी आईसाठी आमचूर बांधून दिला आणि घागर ठेवून घेतली. "इणीला सांग, पाणी गोड होतं," म्हणाल्या. इण म्हणजे विहीण.

आईने ती घागर परत का आली नाही, असं विचारलं नाही. आमचूर मात्र तिने डब्यात घालण्याआधी एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि विचारलं, "घर कसं व्हयनं?" मी सांगत गेलो. देज, पंच, मोहाचं झाड, त्या दिवशी ती काय म्हणाली होती, हे आम्ही दोघांनीही काढलं नाही. तिने फक्त माझे हात बघायला मागितले.

परवा मेहुण्याचा फोन आला. तो टेकडीवर चढून बोलत होता, वारा ऐकू येत होता. पाऊस चांगला लागला म्हणाला, नवी भिंत टिकली. ज्वारीत तण माजलंय. वरच्या पाड्यावर ज्या बाईने गारा शिकवला तिच्या शेतात येत्या रविवारी निंदणीची लाह आहे.

"भाऊजी, त्यांनी घरं मोजली," तो म्हणाला. "तुमचं एक घर धरलंय."

शनिवारच्या रजेचा अर्ज मी आज दिला. बायकोने तिची ड्यूटी बदलून घेतली आहे.